खुणेवरचा पाय

सन एकोणऐंशी उजाडलं तेव्हा मैना पगारेची थाळी एकाच जागी पडायला लागून दोन वर्षं होत आली होती.

जागा तिला तोंडपाठ होती. नाशिकरोडच्या बाहेर, वालदेवी नदीच्या काठी, एका बंद पडलेल्या वीटभट्टीमागे माती उपसून सपाट झालेलं रान होतं. त्या रानात मैनाने पांढऱ्या फक्कीने वर्तुळ आखलं होतं. वर्तुळात उभं राहिलं की नाकासमोर निंबाचं झाड दिसे आणि उजव्या हाताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. थाळी जायला हवी निंबाकडे. ती जाई कुंपणाकडे, आणि तेहतीस-चौतीस मीटरवर गवतात पडे. वारा असो नसो, अंग तापलेलं असो की थंड, थाळीला काही फरक पडत नसे. किलोभर वजनाची, लोखंडी कडेची ती लाकडी थाळी. मैना आणायला जाई तेव्हा ती कडेवर उभी रुतलेली असे, आणि तिच्या शेजारचं गवत टाचेएवढं दबलेलं असे.

एवढ्यावर भागलं असतं तर मैनाने वाऱ्याला, नशिबाला नाहीतर जुन्या थाळीला शिव्या घालून वेळ मारून नेली असती. पण थाळी पडली की पाठोपाठ तिला आवाज येई. मोठा नाही. अंगणातून कुणी घरातल्या माणसाला सांगावं इतका साधा. "धरलं."

आवाज भागीचा होता, आणि भागीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

भागी गांगुर्डे कॉलनीत मैनाच्याच ओळीत, तीन घरं सोडून राहायची. दोघी एकाच वर्गात होत्या, आणि शाळा संपली तेव्हा खेळाच्या बाईंनी दोघींत मिळून एक जुनी थाळी दिली. अंगापिंडाने दोघी थोराड. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, या दोघींना नवरे आणायचे तर तालमीतूनच आणावे लागतील. दोघी हसून सोडून द्यायच्या आणि दुपारी तीन वाजता थाळी अन् टेप घेऊन भट्टीमागे जायच्या.

खूण करायची त्यांची पद्धत मात्र जगावेगळी होती. सुरुवातीला त्यांनी खुंट्या ठोकून बघितल्या. दुसऱ्या दिवशी खुंट्या कुणाच्या तरी चुलीत गेलेल्या असत. मग त्यांनी पाय वापरायला सुरुवात केली. एकीने फेकायचं. दुसरीने थाळी पडेल तिथे धावत जाऊन टाच रोवायची आणि ओरडायचं, "धरलं." मग थाळी परत घरंगळत पाठवायची, पण टाच उचलायची नाही. त्याहून लांब फेक गेली तरच जागा बदलायची, नाहीतर टेप लागेपर्यंत तिथेच उभं राहायचं. म्हणजे फेकणारीच्या समोर, थाळीच्या वाटेवर, एक जितंजागतं माणूस खुंटी होऊन उभं. त्यासाठी नियम होता. फेकणारीने "सोडते" म्हणायचं, उभी असलेलीने हात वर करायचा, आणि हात दिसल्याशिवाय थाळी सोडायची नाही. पाच वर्षं त्यांनी हा नियम पाळला. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता, पण बाहेरचं कुणी तिकडे फिरकतच नव्हतं.

सत्याहत्तरच्या जानेवारीत जिल्ह्याच्या संघात मुलींच्या थाळीफेकीची एकच जागा होती, आणि दोघींच्या फेकीत फरक असायचा चार बोटांचा. कधी ही पुढे, कधी ती. त्या दिवसांत मैनाच्या डोक्यात एक किडा शिरला. तिला वाटायला लागलं की आपली थाळी पडते एकीकडे आणि भागी टाच रोवते दोन बोटं अलीकडे. पुरावा काही नव्हता. किडा एकदा शिरला की पुरावा लागतोय कशाला. एका सकाळी नळावर चार बायकांत ती बोलून गेली, "भागी माझी खूण मागं घेते." भागी मागेच हंडा घेऊन उभी होती. तिने ऐकलं, पाणी भरलं आणि ती घरी गेली.

त्याच दुपारी, कुंपणाकडच्या त्याच गवतात, मैनाने फेकलेली थाळी भागीच्या डोक्याला लागली. टेंपोतून हॉस्पिटलात नेईपर्यंत भागी गेली.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मैनाने सांगितलं, "मी सोडते म्हणाले. तिनं हात वर केला. मग मी फेकली." साक्षीला दुसरं कुणी नव्हतं. अपघात म्हणून कागद मिटला. कॉलनीने खूप हळहळ केली, आणि हळूहळू त्या हळहळीत एक वाक्य मिसळलं. हात वर केला तरी वाटेतून हलली नाही, पोर जरा वेंधळीच होती. बघता बघता भागीचं नाव आणि वेंधळेपणा हे एकत्रच उच्चारले जायला लागले. रस्ता ओलांडताना आया पोरांना सांगायच्या, नीट बघून जा, भागीसारखं करू नको. हे सगळं भागीच्या आईच्या, लंकाबाईंच्या दारावरूनच चाललेलं असायचं. लंकाबाई विधवा, एकट्या, आणि ती पोर हेच त्यांचं काय ते गणगोत होतं.

भागीने हात वर केलाच नव्हता. हे मैनाला ठाऊक होतं. आपण एवढं एकच खोटं बोललो असं ती स्वतःला सांगे, आणि रोज संध्याकाळी लंकाबाईंचे दोन हंडे भरून देई. लंकाबाई तिला चहा देत. कधी एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. मैनाला तो चहा घशाखाली उतरवणं जिवावर यायचं, पण एखाद्या दिवशी न जाणं त्याहून कठीण वाटायचं.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी विभागाची निवड चाचणी होती. निवड झाली तर राज्य स्पर्धा, आणि राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडलं तर रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी. मैनाचे वडील मल्हारी छापखान्यात मशीनवर होते. पोरीच्या हातात ताकद आहे आणि तरी थाळी वाकडी जाते, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांनी देवळाली कॅम्पातून एक माणूस शोधून आणला.

माणसाचं नाव गोटीराम. तोफखान्यात बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि जवानीत पलटणीकडून थाळी फेकलेला. सायकलवर यायचा, अंगात खाकी स्वेटर, गळ्यात मफलर. एक कान तोफांनी कायमचा नेला होता, त्यामुळे स्वतः मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्याचं अर्धंच ऐकायचा.

पहिल्या दिवशी त्याने मैनाला तीनदा फेकायला लावली, आणि तीनही वेळा थाळी कुंपणाकडे गेली.

"हात दाखव," गोटीराम म्हणाला. त्याने तिची बोटं उलटीपालटी करून बघितली. "थाळी मुठीत आवळती कशाला? ती काय पळून चाललीय? बोटाच्या शेवटच्या पेरावर कड ठेव. बोटं फाकव. आंगठा नुसता टेकव, दाबू नको. ती पडत नाय, फिरताना आपोआप चिकटून ऱ्हाती."

आठ दिवस त्याने तिला थाळी हवेत फेकूच दिली नाही. फक्कीची एक लांब रेघ आखली आणि त्या रेघेवरून थाळी घरंगळत सोडायला लावली. पहिल्या बोटावरून नीट सुटली तर थाळी रेघ धरून चाकासारखी जाई. जरा मनगट वळलं की डगमगून आडवी पडे. मैना वैतागली. गोटीराम वैतागत नसे, तो झाडाखाली बसून बिडी ओढे आणि मोजे. शंभरातल्या नव्वद रेघेवर जायला लागल्या तेव्हा त्याने दोन बांबू रोवून दार केलं आणि उभ्याने, न फिरता, त्या दारातून थाळी काढायला सांगितली. चार दिवसांत तेही जमलं. भागी गेल्यापासून मैनाला पहिल्यांदाच वाटलं की ही थाळी आपलं ऐकते.

मग वर्तुळात पूर्ण फिरून फेकायचा दिवस आला. मैना फिरली, थाळी सुटली, बांबूच्या दाराला वळसा घालून उजवीकडे गेली आणि त्याच गवतात पडली.

"धरलं," आवाज आला.

मैनाने चटकन गोटीरामकडे बघितलं. तो बिडी शिलगावत होता. त्याचा तिकडचा कान गेलेला होता, आणि चांगला असता तरी त्याला काही ऐकू आलं असतं की नाही, कोण जाणे.

"लवकर सुटती," तो ओरडला. "आधी पाय फिरू दे, मग कंबर. हात सगळ्याच्या मागून यायला पायजे. हातानं घाई केली की थाळी उजवीकडं पळती. पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. पाय सुधारले, कंबर सुधारली, थाळी हवेत अशी सपाट जायला लागली की बघत राहावं. ताकद वाढली होती, म्हणजे ती लांब जायला हवी होती. तीही गेली नाही. त्याच अंतरावर, त्याच गवतात. दहा दिवस झाले, चाचणी चार दिवसांवर आली, आणि मल्हारी संध्याकाळी घरी आले की पोरीला काही विचारायचं सोडून उगाच मशीनची तक्रार सांगायला लागले.

बुधवारी गोटीराम फक्कीची पिशवी घेऊन आला. मैनाने बारा फेकी केल्या. प्रत्येक फेक पडली की गोटीराम तिथे चालत जाई, चिमूटभर फक्की टाकी आणि थाळी परत आणून देई. बारा झाल्यावर त्याने मैनाला तिकडे बोलावलं. गवतात पांढऱ्या ठिपक्यांचा एक झुपका दिसत होता. गोटीराम उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला.

"पोरी, तोफेत बिघाड असला ना, तर गोळे पांगतात," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बारीक होता. "एक हिकडं, एक तिकडं, एक भलतीकडंच. ज्याला फेकता येत नाय त्याच्या थाळ्या पण तशाच पांगतात. तुझ्या ह्या बारा एका घोंगडीवर मावतील. बावीस वर्षांत मी असं लय कमी बघितलं. हे चुकणं नाय. तू नेम धरती हायेस."

मैना ठिपके मोजायला लागली.

गोटीराम उठला. गळ्यातला मफलर काढून त्याने तिच्या डोळ्यांवर बांधला, हाताला धरून वर्तुळात नेऊन उभं केलं आणि खांदे निंबाच्या रोखाने वळवून दिले. "आता फेक."

अंधारात मैना फिरली. थाळी कुठे गेली ते तिला कळलं नाही. पडल्याचा आवाज ऐकू आला, आणि त्यामागे दुसरा कुठलाच आवाज आला नाही. गोटीरामने तीनदा फेकायला लावली आणि मग मफलर सोडला. तिन्ही खुणा निंबाच्या रोखाने सरळ रेषेत होत्या. सगळ्यात लांबची अडतीस मीटरच्या पुढे. एवढी फेक नाशिक जिल्ह्यात त्या वर्षी कुणा मुलीने केली नव्हती.

"आता डोळे उघडे ठेवून."

थाळी कुंपणाकडे गेली.

"डोकं जिकडं, थाळी तिकडं," गोटीराम म्हणाला. "तुझं सगळं अंग निंबाकडं फिरतं, पण डोळे आधीच तिकडं जाऊन बसलेले असतात. तिकडं काय बघतीस?"

"काही नाही."

"काही नाही बघायला कुणी मान वळवत नाय." त्याने मफलर गळ्याला गुंडाळला आणि सायकल हातात घेतली. "हात सुधारायचा होता, मी सुधारला. डोळ्यांचं तुझं तू बघ. रविवारी पट्टी बांधून फेकायला कुणी देणार नाय."

तो गेला. चार वाजले असतील. ऊन स्वच्छ होतं, नदीपलीकडे कुणी तरी धुणं आपटत होतं. असल्या वेळी भुतं दिसत नाहीत असं सगळे म्हणतात, आणि मैनाही आजवर तसंच समजत आली होती. थाळी आणायला ती कुंपणाकडे निघाली.

फक्कीच्या ठिपक्यांच्या मधोमध गवत दबलेलं होतं. टाचेची जागा, आणि पुढे पाच बोटं टेकल्याची. मैनाने दोन वर्षांत त्या जागेवर पाय ठेवला नव्हता. ती नेहमी लांबून हात घालून थाळी ओढून घ्यायची. आज तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने चप्पल काढली आणि टाच त्या खळग्यात ठेवली. माती गार होती. बाकी सगळं रान दिवसभर उन्हाने तापलेलं असताना तेवढीच माती गार होती.

तिने मान वर करून वर्तुळाकडे बघितलं. इतकी वर्षं ती तिकडून इकडे बघत आली होती. इकडून तिकडे ते वर्तुळ फार जवळ दिसत होतं, वाटलं त्याहून निम्म्या अंतरावर. वर्तुळ रिकामं होतं. वारा पडलेला होता, आणि तरीही वर्तुळातली धूळ हलली. कुणी पाय फिरवून उभं राहावं तशी, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे. मैना वाट बघत होती. आता "सोडते" असं ऐकू येईल, मग आपण हात वर करू, असं तिला खरोखर वाटलं. धूळ गरकन फिरली.

"सोडते" कुणी म्हणालं नाही. मैनाने दोन्ही हात डोक्यावर घेऊन स्वतःला जमिनीवर टाकलं.

काहीच आलं नाही. नदीपलीकडचं धुणं चालूच होतं. ती तशीच पडून राहिली, दातांखाली माती आली तरी उठली नाही, आणि तिला पहिल्यांदा कळलं की भागीने त्या दिवशी मैदानाच्या या टोकाला किती विश्वासाने पाय रोवला होता. भीती तर तिला वाटलीच. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आणि ती लाज घेऊनच ती कॉलनीत परतली.

लंकाबाई चुलीशी भाकरी थापत होत्या. मैनाने नेहमीप्रमाणे हंडे भरून ठेवले, पण चहाला बसली नाही. दारातच उभी राहिली.

"मावशी, भागीनं हात वर केला नव्हता."

लंकाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "बस," त्या म्हणाल्या.

"मी थांबले नाही. मी सोडते म्हणालेच नाही, मावशी. मी पोलिसांना खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय."

मैनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लंकाबाईंनी जाळ मागे ओढला, हात पुसले आणि तिच्याकडे तोंड करून बसल्या.

"टेंपोमधी तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं," त्या म्हणाल्या. "जखम व्हती मागच्या अंगाला. समोर बघून हात वर करणाऱ्या माणसाला मागं कसं लागंल? आन् दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. मी उघडल्या. गारगोट्या निघाल्या. पांढऱ्या, नदीतल्या. सकाळीच वालदेवीवर जाऊन ओटीत गोळा करून आणल्या व्हत्या तिनं. मी इचारलं, कशाला गं? तर म्हन्ली, मैनाच्या खुणेभवती मांडते. पाय काय कुनालाबी हलवता येतो. पांढरं लांबून दिसतं. तिला तिथूनच दिसू दे तिची खूण."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"म्हंजी ती वाकून गारगोट्या मांडत व्हती," लंकाबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

"तुम्ही दोन वर्षं..."

"दोन वरसं तुला च्या पाजला. रोज वाटायचं, आज बोलंल. आज बोलंल. पाणी भरतीस, खाली मान घालून जातीस. मी म्हन्लं, बघू किती दिस." त्यांचा आवाज चढला नाही, पण मैनाला तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "मला तुला फासावर चढवायचं नाय पोरी. माझी भागी वेंधळी नव्हती. सगळी कॉलनी तिला वेंधळी म्हन्ती आन् मी ऐकून घेती. तेवढं तू चार माणसांत सांग."

"सांगते, मावशी."

"आणखी एक सांग मला." लंकाबाई तिच्या डोळ्यांत बघत होत्या. "फेकली तवा तुला ती दिसली व्हती का?"

मैना दारातून मागे अंगणात उतरली. लंकाबाई पुन्हा चुलीकडे वळल्या. भाकरी करपली होती.

चार माणसांत सांगायचं म्हणजे काय, हे मैनाने तीन दिवस मनात घोळवलं. पोलिसांत दिलेला जबाब खोटा ठरणार. रेल्वेची नोकरी लागायच्या आधी चौकशी होते, तिथे हे निघणारच. बाबा छापखान्यात कुणाला तोंड दाखवणार नाहीत. आणि न सांगावं तर? लंकाबाई काही चारचौघांत बोलणार नाहीत, बोलायचं असतं तर कधीच बोलल्या असत्या. गप्प राहिलं तर काहीच बिघडणार नव्हतं. फक्त रविवारी थाळी फेकायची तर तिकडे न बघता फेकावी लागली असती, आणि तिकडे न बघणं आता तिला या जन्मात शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी मल्हारी म्हणाले, "बाराला चाचणी आहे ना, मग आधी विहारात वंदनेला चल." मैना पांढरी साडी नेसून गेली. विहार म्हणजे पत्र्याचं एक लांब दालन, पुढे बुद्धांची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो. शंभरेक माणसं सतरंज्यांवर बसली होती. बायकांत तिसऱ्या ओळीत लंकाबाई होत्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग वंदना घेणारे झुंबर गुरुजी सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "आपल्या मल्हारींची मैना आज विभागाच्या चाचणीला जातेय. ही आपल्या वस्तीची मान उंच करणारी गोष्ट आहे. मैना, पुढं ये बाळ. दोन शब्द बोल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मल्हारींनी सगळ्यात जोरात वाजवल्या. मैना उठून पुढे गेली आणि माणसांकडे तोंड करून उभी राहिली.

"जयभीम," ती म्हणाली. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. गुरुजींना वाटलं पोर लाजली, त्यांनी मान हलवून धीर दिला.

"भागीनं त्या दिवशी हात वर केला नव्हता," मैना म्हणाली. "मी पोलिसांना खोटं सांगितलं. भागी वेंधळी नव्हती. ती खाली वाकून माझ्या खुणेभोवती गारगोट्या मांडत होती. मी तिच्यावर नळावर आळ घेतला होता, म्हणून."

एक मूल रडायला लागलं तर आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. लंकाबाईंनी मान वर केली नव्हती. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मैनाला इथे थांबता आलं असतं. थांबली असती तरी सगळ्यांनी तिला मोठ्या मनाची म्हटलं असतं, काहींनी तर रडून तिला जवळही घेतलं असतं.

"मावशींनी मला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याचं उत्तर राहिलं. हो, मला ती दिसत होती. वाकलेली दिसत होती. मला वाटलं, खूण मागं घेतेय. मी तिच्या हाताकडे बघत फिरले आणि मी फेकली."

मल्हारी जागेवरून उठले. ते तिथेच माणसांच्या मधोमध उभे राहिले.

"नेम धरून?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

मैनाने लंकाबाईंकडे बघितलं. त्यांनी आता मान वर केली होती.

"ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली. "पण मी दुसरीकडे कुठेच बघत नव्हते."